छायेने टाळलेली गावं

सुकुमार मगदूम सर माझ्या ऑफिसात आले तेव्हा त्यांच्या बगलेत शाळेची नकाशावही होती. सहलीच्या चौकशीला लोक येतात ते फोनमध्ये सिंहाचे आणि हत्तींचे फोटो घेऊन. सरांनी टेबलावरचे माझे सगळे कागद बाजूला सारले, आफ्रिका खंडाचं पान उघडलं आणि खिशातून एक यादी काढली. यादीत एकही प्राणी नव्हता. खचदरी, विषुववृत्त, जगातलं सर्वांत लांब गोड्या पाण्याचं सरोवर, धबधबा, किनाऱ्यालगतचं वाळवंट, खंडाचं दक्षिण टोक. प्रत्येक नावापुढे पुस्तकातल्या धड्याचा क्रमांक.

"चौतीस वर्षं हे फळ्यावर काढलं," ते म्हणाले. "आता एकदा जाऊन बघायचंय, पोरांना खरं सांगितलं की नाही."

सरांना नाही म्हणणं सांगलीत कुणाला जमत नाही. ते रस्त्याने जाताना पन्नाशी उलटलेली माणसं अजून स्कूटर थांबवून उभी राहतात. मी त्यांची विद्यार्थिनी, आणि माझा थोरला भाऊ महांतेश, म्हणजे आमचा अण्णा, त्यांच्या पहिल्याच वर्गातला. अण्णाचा मार्केट यार्डात हळदीचा व्यापार आहे. वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि तो वीस. कुस्ती आणि कॉलेज दोन्ही सोडून तो दुकानात बसला आणि मला शिकवलं. मी लग्न केलं नाही. माझं घर म्हणजे अण्णा आणि वहिनी, आणि रविवारचं जेवण त्यांच्याकडे.

सरांबरोबर त्रिशला काकू होत्या. त्यांना खचदरीचं काही पडलेलं नव्हतं. सूर्यास्तानंतर जेवायचं नाही आणि कांदा, बटाटा, गाजर काही चालत नाही, हे तिकडच्या माणसांना कसं समजावणार, एवढीच त्यांची काळजी. सरांनी लगेच वर्ग घेतला. विषुववृत्तावर बारा महिने सूर्य साडेसहाच्या आसपासच मावळतो, तेव्हा जैन माणसाला जेवायला त्याहून सोयीची जागा पृथ्वीवर नाही. काकू म्हणाल्या, मग आपल्यातलं तिकडे आजवर कुणी गेलं कसं नाही. मी हसले आणि सरांच्या हातात करडा पट्टा ठेवला.

आता छायेबद्दल सांगायला हवं.

पूर्वी सहल आखायची म्हणजे आम्ही माणसाला विचारायचो, गुडघे दुखतात का, रक्तदाब आहे का, दम लागतो का. माणसं सहलीच्या हौसेने धडधडीत खोटं बोलायची. गेली सहा-सात वर्षं आम्ही विचारत नाही, पट्टा देतो. तो एकवीस दिवस मनगटावरून काढायचा नाही, आंघोळीला नाही की झोपताना नाही. हृदयाचा प्रत्येक ठोका रक्तात एक लाट सोडतो. ती लाट पोटातल्या मोठ्या धमनीतून खाली जाते आणि जिथे वाटेला फाटा फुटतो किंवा वाट अरुंद-रुंद होते तिथून थोडी परत फिरते. विहिरीत हाक मारली की परत येणाऱ्या आवाजावरून पाणी किती खोल ते कळतं, तसंच हे. परतीच्या लाटेचा आकार पट्टा दिवसाला लाखभर वेळा मोजतो. त्यात चालण्याची ढब, झोप, घाम मिळवला की यंत्र त्या माणसाची एक गणिती प्रतिकृती तयार करतं. तिला आम्ही छाया म्हणतो.

मग छाया प्रवासाला निघते. तुम्ही घरी पोहे खात असता तेव्हा तुमची छाया यंत्राच्या आत चाळीस हजार वेळा आफ्रिका फिरून आलेली असते. कधी पठारावर तिला धाप लागते, कधी जीपच्या धक्क्यांनी ती आडवी होते, कधी परतच येत नाही. ज्या वाटांवरून ती धड परत आली नाही त्या वाटा यंत्र खोडून टाकतं. उरलेल्यांतून सर्वांत आनंदाची वाट निवडून आराखडा म्हणून माझ्याकडे पाठवतं. बाकीच्या का खोडल्या, ते सांगत नाही.

हे न सांगणं कायद्यात आहे. सुरुवातीला यंत्र सगळं सांगायचं, आणि त्यातून लोकांच्या नोकऱ्या गेल्या, ठरलेली लग्नं मोडली. तेव्हापासून कारणं मोहोरबंद असतात. प्रवाशाने स्वतः अर्ज केला तर दोन-अडीच महिन्यांनी उत्तर येतं. आम्ही सहल आखणाऱ्यांनी त्याबद्दल तर्क करायचा नाही, आणि केला तर बोलायचा नाही, असं परवान्यावर लिहून घेतात.

पण रोज आराखडे बघणाऱ्या बाईला टाळलेली गावंही दिसायला लागतातच. उंचावरची गावं गळली की फुप्फुस. गर्दीची शहरं गळली की मन. एका नव्या नवरीच्या आराखड्यातून हिवतापाचा सगळा प्रदेश गळाला, तेव्हा तिच्या सासूच्या आधी मला कळलं होतं. पेढे आले तेव्हा मी चेहरा आश्चर्याचा केला. सगळ्यांच्या वेळी पेढे येत नाहीत. चार वर्षांपूर्वी तासगावच्या एका द्राक्षबागायतदाराला मी माझा तर्क बोलून दाखवला. त्याने सहल सोडली, वर्षभर तपासण्या करत हिंडला, झोप उडवून घेतली, आणि काहीही निघालं नाही. दहात एखादी छाया चुकते. त्याने तक्रार केली आणि माझा परवाना सहा महिने बंद पडला. त्यानंतर मी ठरवलं, आपण गावं बघायची आणि मूग गिळून बसायचं. सांगून कुणाचं भलं होतं, असं मी स्वतःला पुष्कळदा म्हणायचे. म्हणून म्हणून ते खरं वाटायला लागलं.

एकवीस दिवसांनी सरांनी पट्टा इस्त्रीच्या रुमालात गुंडाळून परत आणून दिला. दुसऱ्या दिवशी आराखडा आला.

कैरो, नैरोबी, जोहान्सबर्ग, केपटाउन. चार मोठी शहरं, चार चांगली हॉटेलं. प्रत्येक शहरातून सकाळी निघून दुपारी परत येण्याजोग्या लहान फेऱ्या, त्याही डांबरी रस्त्यावरून. सरोवर गळलेलं, वाळवंट गळलेलं, धबधबा गळलेला. मी प्रत्येक मुक्कामाभोवती वर्तुळं काढून पाहिली. छाया एकदाही अशा रुग्णालयापासून सत्तर मिनिटांपेक्षा लांब गेली नव्हती जिथे मोठ्या धमनीची शस्त्रक्रिया होते. हृदयाची साधी रुग्णालयं वाटेत कितीतरी होती, त्यांना यंत्राने हिंग लावून विचारलं नव्हतं. त्याला पाहिजे होती ती नेमकी ही.

याचा अर्थ एकच होता. सरांची महाधमनी कुठेतरी फुगली होती आणि ती फुटेल असं यंत्राला वाटत होतं.

मला रडू आलं. मग डोळे पुसून मी चहा मागवला, कारण साडेअकराला सर यायचे होते.

सरांनी आराखडा दोनदा वाचला. "केतकी, हे चार विमानतळ झाले. यात आफ्रिका कुठाय?" ते म्हणाले. ते चिडले नव्हते, ओशाळल्यासारखे झाले होते, आणि ते मला विचित्र वाटलं. एरवी यंत्राशी भांडायला लोकांना जोर येतो. मी सांगितलं की यंत्र सगळ्या गोष्टींचा विचार करतं, वयाचाही करतं. त्यांनी मान हलवली आणि नकाशावही मिटली.

काकू चप्पल घालायच्या निमित्ताने मागे राहिल्या. ह्यांना काही आहे का, असं त्यांनी हळूच विचारलं. मी म्हटलं, "काही नाही हो काकू. यंत्र म्हाताऱ्या माणसांना जरा जपतं." त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि विश्वास ठेवला. मला इतकं चांगलं खोटं बोलता येतं हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

पुढचे चार दिवस मी तेच घोळवत होते. सांगावं तर कायदा मोडतो, आणि तासगावसारखं झालं तर? खरं असलं तरी काय, अडुसष्टाव्या वर्षी पोट फाडून घ्यायचं आणि घरात बसायचं? चौतीस वर्षं फळ्यावर खंड काढणाऱ्या माणसाला तो एकदाही न दाखवता? शेवटी मी माझ्या मते मोठ्या मनाचा निर्णय घेतला. जोखीमपत्रावर प्रवाशाची आणि आखणाऱ्याची सही असेल तर यंत्राचा आराखडा बाजूला ठेवून हाताने सहल आखता येते. मी सरांना बोलावलं, पत्र पुढे केलं, आणि म्हटलं की आपण तुमची आफ्रिका आखू. त्यांनी सही केली. खाली मी केली. पाच मिनिटंही लागली नाहीत.

त्यानंतरचा महिना माझ्या कामातला सर्वांत सुखाचा होता, हे आज लिहिताना लाज वाटते. रोज दुपारी सर यायचे. इथिओपियात खडकात कोरलेली देवळं बघायला चढायचं की नाही यावर आमचं दोन दिवस चाललं. त्यांचं म्हणणं, वेरूळ पाहिलेल्या माणसाने ती बघायलाच पाहिजेत. नैवाशाजवळ खचदरीच्या काठावर उभं राहायची वेळ त्यांनी सकाळी नऊची ठरवली, कारण त्या उन्हात समोरच्या कड्याचे थर नीट दिसतात. टांगानिका सरोवरावर दोन दिवस जुन्या बोटीतून. व्हिक्टोरिया धबधबा पाणी जास्त असताना नको, तेव्हा नुसते तुषारच दिसतात, आणि अगदी कमी असतानाही नको. नामिब वाळवंटातल्या टेकड्यांवर पहाटे. आणि शेवटी अगुल्हास, जिथे खंड संपतो. केपटाउनला खंड संपतो असं समजणाऱ्या माणसांची सरांना मनापासून कीव यायची. एके दिवशी त्यांनी मला विचारलं, एवढी मेहनत तू सगळ्यांसाठी घेतेस का? मी म्हटलं, तुमच्यासाठी घेते. खरं कारण पोटात ठेवलं. मरणाऱ्या माणसाला आपण काहीतरी देतो आहोत, या समाधानात मी मस्त बुडाले होते.

हे ओझं एकटीला पेलेना तेव्हा मी अण्णाकडे गेले. आराखडा आल्याला पस्तीस दिवस झाले होते. हळदीचा हंगाम ऐन भरात होता, त्यामुळे मधले काही रविवार आमची धड गाठही पडली नव्हती. यार्डातल्या दुकानात तो गादीवर बसून नमुन्याची हळकुंडं मोडून बघत होता. मी दार ओढून घेतलं आणि सगळं सांगितलं. चार शहरं, सत्तर मिनिटं, महाधमनी, आणि सरांना का सांगितलं नाही तेही. "त्यांना हवं ते बघून येऊ दे, अण्णा. परत आले तर आले," असं मी म्हणाले.

अण्णा हातातलं हळकुंड फिरवत राहिला. मला वाटलं, सरांसाठी त्याला वाईट वाटतंय. मग त्याने विचारलं की यंत्राला हे सगळं नुसत्या पट्ट्यावरून कळतं का. सरांचे जुने कागद वगैरे बघत नाही? मी म्हटलं, कागद बघायला बंदी आहे, फक्त पट्टा. त्याने हातातलं हळकुंड खाली ठेवलं.

"केते," तो म्हणाला, "तो पट्टा सरांच्या हातात नव्हता. माझ्या हातात होता."

सरांना नऊ वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट टाकला होता, आणि ते त्यांनी आमच्यापासून लपवलं होतं. आपली नाडी दाखवली तर यंत्र आपल्याला महाबळेश्वरच्या पुढे जाऊ देणार नाही, अशी त्यांना भीती. आमराईत रोज सकाळी फिरायला येणाऱ्यांत अण्णा सर्वांत दणकट. तिथल्या बाकावर सरांनी त्याला पट्टा दिला आणि एकवीस दिवस घाल म्हणून सांगितलं. सत्तावन्न वर्षांचा, यार्डात दहा माणसांना दरडावणारा माझा भाऊ, त्याने सरांना का म्हणून विचारलंसुद्धा नाही. सरांनी सांगितलं आणि त्याने हात पुढे केला. मला कळू नये म्हणून तीन आठवडे पूर्ण बाह्यांचे शर्ट घातले. मी एकदा विचारलंही होतं, एवढ्या उन्हात बाह्या का रे खाली? हळद लागते, असं तो म्हणाला होता.

मी उठले आणि त्याचा हात धरला, चल म्हटलं, आत्ता मिरजेला चल. तो हसला. उद्या सकाळी वर्षातला मोठा सौदा होता, शेतकऱ्यांची पोती येऊन पडली होती. तो म्हणाला, "सरांना पाठवणार होतीस की वाळवंटात. मला एक दिवस दे. उद्या सौदा झाला की दुपारी जाऊ." मी भांडले, रडले, वहिनीला फोन करीन म्हटलं. त्याने शपथ घातली की तपासणी होईपर्यंत तिला सांगायचं नाही. मिरजेच्या डॉक्टरांची दुसऱ्या दिवशी दुपारी तीनची वेळ मिळाली. पस्तीस दिवस मी घालवले होते, त्याला एक दिवस कसा नाकारणार, असं मला त्या क्षणी वाटलं. आज वाटतं, उचलून न्यायला हवं होतं.

सौद्याच्या दिवशी सकाळी साडेदहाला, बोली चालू असताना, अण्णा पाठीत कळ आली म्हणून पोत्यांवर बसला. मी तिथेच होते, त्याच्यावर नजर ठेवायलाच गेले होते. मिरज वीस मिनिटांवर. काय झालं असेल ते मी फोनवरच सांगितल्यामुळे तिथल्या रुग्णालयाने शस्त्रक्रियेची तयारी ठेवली होती, आणि म्हणून तो वाचला, असं डॉक्टर शिरगुप्पे बाईंनी नंतर सांगितलं. आठ तास लागले. धमनी आधी झिरपत होती, टेबलावर घेतल्यावर फुटली. पाठीच्या कण्याला जाणारं रक्त काही वेळ बंद ठेवावं लागलं होतं.

तिसऱ्या दिवशी तो शुद्धीवर आला, बोलायला लागला, वहिनीला त्याने सौद्याचं विचारलं. पायांना स्पर्श कळत नव्हता.

डॉक्टर बाईंनी मला बाजूला घेतलं. काही महिन्यांनी थोडी संवेदना येईल, उभं राहणं बहुतेक नाही, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. मी विचारलं, महिनाभर आधी कळलं असतं तर? त्यांनी थोडा विचार केला. माझ्या प्रश्नात काय आहे ते त्यांना माहीत नव्हतं. "ठरवून केली असती तर मांडीतून नळी घालून आतूनच अस्तर बसवलं असतं. टप्प्याटप्प्याने, कण्याचं रक्त सांभाळून. अशी माणसं आठवड्याभरात चालत घरी जातात," त्या म्हणाल्या.

सर पहिल्या दिवसापासून रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसून होते. काकू डबा आणायच्या आणि ते सूर्य मावळायच्या आत कसेबसे चार घास खायचे. त्यांनी वहिनीला पट्ट्याची गोष्ट स्वतःच सांगून टाकली होती आणि वहिनीने त्यांच्याकडे पाठ फिरवली होती. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. ते म्हणाले, तो आराखडा आला तेव्हा त्यांना वाटलं होतं, यंत्राने आपली चोरी पकडली आणि शिक्षा म्हणून चार विमानतळ दिले. महांतेशला काही असेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. नाहीतर त्यांनी तेव्हाच सगळं कबूल केलं असतं.

"तुला मात्र कळलं होतं, डॉक्टरांना तू फोनवरच सांगितलंस," ते म्हणाले. "त्या नाडीच्या माणसाला काय झालंय ते. आणि तुझ्या हिशोबाने तो माणूस मी होतो."

मी हो म्हटलं.

"म्हणजे तू मला मरायला पाठवत होतीस, केतकी? आणि मी रोज दुपारी येऊन वेळापत्रक करत होतो?"

तुम्हाला आफ्रिका बघायला मिळावी म्हणून, असं काहीतरी मी बोलले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. भर वर्गात उत्तर चुकलेल्या मुलीकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मला विचारायला हवं होतंस. माझी सहल तू मला विचारून आखलीस, आणि मरण तेवढं न विचारता," ते म्हणाले. काकू डबा हातात धरून समोर उभ्या होत्या. माझ्याशी एक शब्दही न बोलता त्यांनी सरांना उठवलं आणि जेवायला दुसऱ्या बाकावर नेलं.

दहाव्या दिवशी अण्णाला साध्या खोलीत हलवलं. वहिनी औषधं आणायला खाली गेली तेव्हा मी त्याच्या पलंगाशी बसून सगळं बोलून टाकलं. डॉक्टर बाई म्हणाल्या तेही, मांडीतून नळी, आठवड्याभरात चालत घरी. तुझ्या नाडीचा कागद माझ्या टेबलावर पस्तीस दिवस होता अण्णा, असं म्हणाले. तो छताकडे बघत होता.

"मी आहे हे तुला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"माहीत असतं तर त्याच दिवशी उचलून आणलं असतं तुला."

"तेच म्हणतोय मी." त्याने मान माझ्याकडे वळवली. "माझ्यासाठी कायदा मोडला असतास, परवाना फाडून टाकला असतास. सरांसाठी नाही. सरांच्या बाबतीत तू चार दिवस विचार केलास आणि त्यांचं आयुष्य पुष्कळ झालं असं ठरवलंस. त्रिशला काकूंना विचारलंस? त्यांना तो माणूस पुष्कळ झाला होता का?"

तो दमला होता, तरी बोलायचा थांबेना.

"माझ्या पायांचं मी सरांना बोललो नाही, तुलाही बोलणार नाही. मी स्वतःच पट्टा घातला आणि स्वतःच एक दिवस मागून घेतला. पण आणखी किती जणांचे कागद आहेत तुझ्याकडे, केते?"

मी म्हटलं, आहेत. तो म्हणाला, मग इथे बसून काय करतेस.

वहिनी आल्यावर मी निघाले. मिरजेहून सांगलीला येईपर्यंत मी स्वतःशी वाद घालत होते. दहात एक छाया चुकते. तासगावचा माणूस मला अजून रस्त्यात भेटला की तोंड फिरवतो. यावेळी परवाना सहा महिने नाही, कायमचा जाईल, आणि सेहेचाळिसाव्या वर्षी मला दुसरं काही करता येत नाही. सगळं खरं होतं. चार दिवस घोळवलं होतं तेव्हाही सगळं खरंच होतं.

ऑफिस दहा दिवस बंद होतं. यंत्रावर अकरा नवे आराखडे येऊन पडले होते. सातवा होता विट्याच्या एका बाईंचा, वय एकेचाळीस. नवऱ्याचा सोनं गाळण्याचा धंदा, लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून दोघांना पूर्व आफ्रिकेत जायचं होतं. त्यांनी पाहिजेत म्हणून लिहिलेल्या नऊ जागांपैकी सात गळल्या होत्या. मी वर्तुळं काढून पाहिली, दोनदा पाहिली, अर्थ एकच निघत होता. आराखडा येऊन आठ दिवस झाले होते.

मी फोन लावला. बाईंनीच उचलला. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. मी नाव सांगितल्यावर त्या खुशीत येऊन म्हणाल्या, आला का आमचा आराखडा, थांबा हं, ह्यांना बोलावते.

"नको," मी म्हटलं. "आधी तुम्ही ऐका. एकवीस दिवस पट्टा तुमच्याच हातात होता ना? दुसऱ्या कुणी घातला नव्हता?"

त्या म्हणाल्या, नाही बाई, माझ्याच हातात होता, का?

मी त्यांना बसायला सांगितलं. कुकर बंद करून येते म्हणाल्या. मी थांबले, आणि त्या परत आल्यावर सांगायला लागले.